पहिला की दुसरा

तक्रार आली ती बॅरेन्ट्स समुद्रातून,
कॉडच्या मागे सहा आठवडे गेलेल्या ट्रॉलरवरून.
पाठवणारा हेर्गाइर, जहाजावरचा आचारी.
मजकूर एवढाच :
"बायकोच्या पत्रात दोन रिकामे चौकोन आहेत.
बाकी सगळं ठीक."

क्लाक्स्विकच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या वर
आमचं ऑफिस. तिघेजण आणि एक हीटर.
आम्ही जहाजांसाठी टपालाचं सॉफ्टवेअर लिहितो :
उपग्रहाचा कण न् कण मोजून घेणारं,
बाहेरून एकही चित्र मागवू न देणारं,
कंजूष, संशयी,
आणि मला वाटायचं, शहाणं.

पण ही चित्रं बाहेरची नव्हती.
पत्राच्याच पोटात होती,
परगावी निघालेल्या पोराच्या अस्तरात
नोटा शिवून द्याव्यात तशी.
मजकूर म्हणत होता, इथे अमुक नावाचं चित्र लाव.
खाली, अगम्य अक्षरांच्या दोन हजार ओळींत घडी घालून
अमुक नावाचं चित्र बसलं होतं.
एकाच पाकिटात दोघं,
आणि माझा प्रोग्रॅम मध्ये उभा राहून सांगत होता,
या नावाचं इथे कुणी राहत नाही.

पत्र उघडल्याशिवाय दोष सापडत नाही.
परवानगी मागितली, मिळाली. तरी
दुसऱ्याच्या न्हाणीघराचं दार लोटावं
तसं बोट अडखळलं.

तूरीने लिहिलं होतं :
मेंढ्या डोंगरावर गेल्या. तुझ्या भावाने पुन्हा शिडी नेली.
नावघराचं दार रंगवायला काढलंय.
खाली दोन रंग लावून बघितलेत.
पहिला की दुसरा?
आणि मग माझे ते दोन चौकोन,
करड्या रेघेचे,
कोपऱ्यात फाटक्या कागदाचं चिन्ह.

त्याचं उत्तर तिथेच खाली होतं,
त्याच रात्री गेलेलं :
"दुसरा."

मी खुर्चीत मागे रेललो.

दोष सापडला तेव्हा रात्रीचे अकरा, बाहेर उजेड.
दोन कंस. कोनाचे, चोचीएवढे.
चित्राच्या नावाला ते दोन्ही बाजूंनी लागून येतात,
मजकुरातल्या नावाला नसतात.
टोपीतला माणूस आणि बोडका माणूस
एकच असतो, हे यंत्राला सांगावं लागतं.
मी सांगितलं नव्हतं.
दीड ओळीचं काम.
चार वर्षांत किती जणांनी
रिकामे चौकोन निमूट वाचून घेतले असतील,
बाकी सगळं ठीक म्हणत.

चौकोन भरले.
दार उगवलं, खाऱ्या वाऱ्याने सोललेलं,
त्यावर हातभर दोन पट्टे :
पहिला गंजाचा तांबडा,
दुसरा, कसं सांगू,
उकळत ठेवून विसरलेल्या चहाचा.

सुधारणा जहाजावर चढते ती बंदराला लागल्यावरच.
म्हणजे तो चित्राआधी दार बघणार.
तोवर ते दोन रंग मला ठाऊक,
आणि ज्याला विचारले
त्याला नाही.

रविवारी बोगदे ओलांडून वीयारॉईला गेलो.
काम होतं असं नाही.
चर्चच्या खालच्या अंगाला नावघर.
दारावर दोन पट्टे तसेच,
बाकी लाकूड उघडं.
तूरी दोरीवरचे कपडे काढत होती.
म्हटलं, मी तो, जहाजाच्या टपालाचा.
त्याचं उत्तर पोचलं ना?

"पोचलं की. लगेच पोचलं," ती म्हणाली.
"लगेच आलं म्हणजे बघितलेलं नाही.
बघितलं असतं तर चार दिवस लावले असते
आणि तिसराच रंग काढला असता."

चौकोनांचं सांगून टाकावं असं मनात आलं.
तेवढ्यात तिने चिमट्यांचा डबा
धरायला दिला माझ्या हातात.

वारा होता.
पट्टे कधीचेच वाळले होते,
निघताना मी बोट लावून पाहिलं.